डिस्कवरची दुसरी सही

माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा जाहिराती बनवणारा माणूस. गोडबोल्या लोकांबद्दल माझं मत मुळातच वाईट, आणि याचा तर तो धंदाच.

बहिणीला वेड डिस्क गोल्फचं. सार्वजनिक बागेत साखळ्या लावलेल्या लोखंडी टोपल्या उभ्या करायच्या आणि ताटलीएवढी चपटी डिस्क लांबून त्यांत फेकायची. कमीत कमी फेकींत जो सगळ्या टोपल्या गाठेल तो जिंकला. या खेळासाठी तिने जिवाचं रान केलं होतं. आता बागखात्याच्या बाईंनी निर्वाणीचं सांगितलं होतं, की तिने भरवलेल्या स्पर्धेला माणसं आली तर टोपल्या राहतील, नाहीतर उचला.

आणि नेमका तेव्हाच मेहुण्याचा व्हिडिओ गाजला. एक निवृत्त पोस्टमन पहिल्याच फेकीत डिस्क टोपलीत घालतात, साखळ्या खणखणतात आणि काका नाचायला लागतात. माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. त्याच क्षणी कॅमेरा चालू कसा? फेक आणि टोपली यांच्यामध्ये चित्र तुटतं कसं?

असा पराक्रम झाला की हजर असलेल्या प्रत्येकाने त्या डिस्कवर सही करायची, अशी या खेळाची रीत आहे. मी काकांची डिस्क मागून घेतली. एकच सही, मेहुण्याची.

"वा! आरोपीच साक्षीदार!" मी म्हणाले.

"ताई, आम्ही दोघंच होतो. अख्खा व्हिडिओ दाखवू?"

"दाखवच."

"स्पर्धेच्या दिवशी दाखवतो, सगळ्यांसमोर." त्याचा चेहरा पडला होता. मला ती नाटकं वाटली.

स्पर्धेला बाग फुलून गेली. बहिणीचे पाय जमिनीवर नव्हते, आणि मलाही तिच्याकडे बघून भरून आलं. तेवढ्यात बागखात्याच्या बाई आल्या. त्या माझ्याच जातकुळीच्या निघाल्या.

"ही गर्दी त्या व्हिडिओमुळेच ना? तो खरा कशावरून?"

काकांनी डिस्क पुढे केली.

"एकच सही? तीही जाहिरातवाल्याची?"

बहीण पांढरीफटक पडली. मला राहवलं नाही. लबाडी असली तरी घरच्या माणसाची आहे, पोटात घालायला हवी, असं वाटलं.

"मीही होते की तिथे. सही तेवढी राहून गेली," असं म्हणून मी टेबलावरचं पेन उचललं आणि ठोकून दिली सही. काका माझ्याकडे बघतच राहिले.

मेहुणा तिकडे फाटकाजवळच्या पडद्यापाशी होता. त्याला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. "या, या! अख्खा व्हिडिओ बघा!" तो ओरडला.

आम्ही सगळ्यांनी बघितला. चित्र कुठेही तुटलं नाही; काकांच्या हातातून सुटलेली डिस्क थेट टोपलीत गेली. मग आनंदाच्या भरात मेहुण्याने कॅमेरा बागभर गरागरा फिरवला. रिकामी बाकं, रिकामी वाट. त्या दोघांशिवाय चिटपाखरू नव्हतं.

फेक खरी होती. खोटी मी होते.

"खोट्या सह्यांवर मला टोपल्या ठेवायची शिफारस करता येत नाही," बाई म्हणाल्या. "काढून घ्या त्या." मेहुणा धावत आला, काकांनी हात जोडले, पण त्या थांबल्या नाहीत.

बहीण रडली नाही. तिने मला बाजूला घेतलं.

"ताई, ह्यांनी लबाडी केली असं तुला खरंच वाटत होतं?"

"हो."

"आणि तरी सही केलीस?"

"तुझ्यासाठी केली गं."

"मग इतके दिवस माझ्या खेळाला छान छान म्हणत होतीस, तेही माझ्यासाठीच का?"

"नाही गं, ते मनापासून," मी म्हणाले. ते खरं होतं. पण मी तिच्या नवऱ्याकडे बघायचे, तशीच ती माझ्याकडे बघत राहिली.