उन्हामागचं घमेलं

ऊन दाराशी

“अगं, सरळ न्यायचा ना पाइप! त्या टोकाच्या कोठडीतून वळसा कशाला घातलास? दारू पिऊन आलीस का?” धुण्याच्या दगडावरून तेओदोरा ओरडली.

छपरावरच्या पोरीने मान वर केली नाही. “मावशी, तुम्ही धुणं धुवा. पाइपाचं मी बघते.”

अंगणभर हशा पिकला. ला पाझच्या या बायकांच्या तुरुंगात धुणं हाच धंदा. शहरातल्या लोकांचे कपडे आत येत, बर्फासारख्या पाण्यात धुतले जात, कडक वाळून बाहेर जात. आता उन्हावर पाणी तापवणारे बंब बसणार होते, बायकांना गरम पाण्याची आंघोळ मिळणार होती. सगळ्या हसत होत्या. कासिमिरा तेवढी एकच चादर पिळत होती, भिजवत होती, पुन्हा पिळत होती. वर बघायचं नाही, असं तिने ठरवलं होतं.

वर पान्हा घेऊन बसलेली नीवेस तिची मुलगी होती.

कैद्याच्या नातलगाला आतलं काम देत नसत. पण नीवेसला वाढवणाऱ्या सख्ख्या मावशीने तिला आपलं आडनाव दिलेलं, आणि पहारा सगळा नवा. जुन्या होत्या त्या बायकाच. पहिल्याच दिवशी तेओदोरा कुजबुजली होती, “डावा खांदा वर करून चालतेय बघ. आपलीच आहे.” तेव्हापासून अंगण तिला मोठ्याने ‘मिस्त्रीणबाई’ म्हणत होतं, आणि कोणीही चुकून नाव घेत नव्हतं.

नीवेसने हे काम मागून घेतलं, की नशिबाने आलं? विचारायची सोय नव्हती.

ऊन पायरीवर

नीवेस लहान होती तेव्हा कैदी बायकांची लहान मुलं तुरुंगात आईजवळच राहत.

इथल्या उंचीवर उन्हात चटका आणि सावलीत हुडहुडी. म्हणून सकाळी कासिमिरा पत्र्याचं काळं घमेलं भरून दाराशी ठेवी. ऊन सरकलं की घमेलं सरकवायचं. दारापासून पायरीवर, पायरीवरून विहिरीच्या झाकणावर, तिथून स्वयंपाकघराच्या भिंतीशी. जिच्या जवळून ऊन निघे तिने ते पुढे ढकलायचं. असं कोणी ठरवलेलं नव्हतं.

“घमेलं!” एकीने ओरडावं.

“आलं आलं! राणीसाहेबांचं स्नान खोळंबलंय!” दुसरीने पायाने लोटावं.

दिवसभर एकमेकींच्या झिंज्या उपटणाऱ्या बायका, पण पाण्याचा थेंब सांडू देत नसत. दुपार कलता कलता पाणी कोमट होई, आणि नागडी नीवेस त्यात बसून सगळ्यांवर पाणी उडवी. भांडणारीही भिजे, रडणारीही भिजे.

गरम पाणी मागायला कासिमिरा तेव्हापासून पुढे. ती फाटकासमोर आडवी झोपली की तिला टोकाच्या कोठडीत टाकत. बायका त्या कोठडीला ‘बर्फाची पेटी’ म्हणत. नीवेस बाहेर बसून दाराच्या फटीला तोंड लावी.

“आई, तुझ्याकडे ऊन आलं का?”

“आलं गं.”

आत खिडकीसुद्धा नव्हती.

मग पोर सहा वर्षांची झाली. त्या वयानंतर आत ठेवत नाहीत. मावशीने तिला ओरुरो शहरात आपल्या घरी नेलं. आधी रविवारी येई, मग सणाला, मग येणं थांबलं. ती गेली त्या दुपारी कोणीतरी सवयीने घमेलं पायरीवर ढकललं. रिकामंच. संध्याकाळी ते स्वयंपाकघराच्या भिंतीशी पोचलेलं होतं.

ऊन मनोऱ्याआड

देवळाच्या मनोऱ्याआड ऊन जातं ते जूनमध्ये, इथल्या हिवाळ्यात. आत्ता डिसेंबर होता, छप्पर लख्ख होतं. भांडण त्यावरूनच झालं.

“नकाशात बंब कचेरीवर दाखवलेत,” सार्जंट ओकांपो वर जाऊन म्हणाली. “तू स्वयंपाकघरावर का चढवलेस?”

“कचेरीवर जूनमध्ये देवळाच्या मनोऱ्याची सावली येते, मॅडम. दुपारपर्यंत हलत नाही. ऐन थंडीत पाणी गार राहील.”

“तू आत्ता आलीस. जूनची सावली तुला कुठे दिसली?”

नीवेसच्या हातात पान्हा तसाच राहिला. खाली आपटण्याचे, घासण्याचे आवाज एकेक करत थांबले. ओकांपो पोरीच्या तोंडाकडे जरा जास्तच वेळ बघत राहिली. मग तिने खाली अंगणात नजर टाकली, एकेक चेहरा चाळायला लागली.

कासिमिराने चादर दगडावर टाकली.

“मी सांगितलं, सार्जंट.”

“कुठे सांगितलंस?”

“वर. काल जिन्यावर चढले होते.”

छपराच्या जिन्यावर पाऊल ठेवणं म्हणजे पळायचा प्रयत्न. हे सगळ्यांना ठाऊक होतं.

“थेरडे, अक्कल आहे का?” तेओदोरा किंचाळली. ती खरंच चिडली होती की नाटक करत होती, कळेना. “उद्या पहिली आंघोळ तुझी ठरलीय! मर आता पेटीत!”

“माझी तू कर. तुलाच गरज आहे जास्त.”

कोणीतरी फसकन हसलं. दोघी शिपायांनी कासिमिराला दंडाला धरलं. वळताना, ठरवलेलं मोडून, तिने एकदा वर पाहिलं. डावा खांदा आणखी वर गेला होता. पोरीने तोंड फिरवून पाइपाचा आटा आवळायला घेतला.

बंब मात्र स्वयंपाकघरावरच राहिले.

ऊन नाही

कोठडी तीच. भिंत तीच, ओल्या चुन्याचा वासही तोच. नवीन एवढंच, की कोपऱ्यातून लोखंडी पाइप आत शिरून, भिंतीलगत अख्खी कोठडी ओलांडून पलीकडे बाहेर पडला होता. कासिमिराला आधी तो दिसलाच नाही, बसायला वाकली तेव्हा अंधारात कपाळाला लागला. गार. तिने शिवी घातली.

दुसऱ्या दिवशी दुपार कलल्यावर न्हाणीघराकडून कालवा ऐकू आला. कोणाचं तरी भाषण, टाळ्या. मग नळ सुटल्याचा आवाज, आणि तेओदोराचा गळा, सगळ्यांवर:

“भाजलं गं बाई! अगं, भाजलं! सरका, सरका, मला अजून भाजू दे!”

कासिमिरा भिंतीला पाठ टेकून ऐकत होती. पाइप आतून घरघरला. मग खांद्यामागे काहीतरी बदललं. तिने हात मागे नेला. कोमट. पुन्हा लावला. गरम. सरळ न्यायचा पाइप वळसा घालून का आणला, हे विचारणारी तेओदोरा तिकडे आरडाओरडा करत न्हात होती.

बाहेर दाराच्या फटीपाशी कोणी नव्हतं. मिस्त्रीणबाईंचं काम कालच संपलं होतं.

कासिमिराने पाइपाला गाल लावला.

“आलं गं,” ती म्हणाली.