आयसीयूतला अबोला

सासरी सगळे तिच्या नवऱ्याला पाठीमागे मौनीबुवा म्हणत. तोंडावर म्हणायची कुणाची छाती नव्हती. राग आला की हा माणूस ओरडत नसे, हात उगारत नसे. बायकोशी बोलणंच टाकत असे. भाजी खारट झाली, अबोला. नणंदेसमोर उलट उत्तर गेलं, अबोला. ती शेजारीच जेवत असली तरी लेकीला सांगत, "तुझ्या आईला म्हणावं, पाणी हवंय." आणि अबोला सुटे तो बायकोने नाक घासल्यावरच.

तिचे वडील वारले तेव्हाही असाच एक अबोला चालू होता. त्यांनी तिला स्कूटरवरून माहेरच्या दारात सोडलं आणि गाडी वळवली. "सांभाळ" एवढंसुद्धा म्हणाले नाहीत. ते तिच्या काळजात रुतून बसलं.

उतारवयात मौनीबुवांना न्यूमोनियाने गाठलं. दोन्ही फुप्फुसं भरली. मेडिकल कॉलेजच्या आयसीयूत व्हेंटिलेटर लागला. पुढे गळ्याला छेद देऊन नळी बसवली. जीव तगला, पण हवा नळीतूनच जायची, त्यामुळे आवाज फुटेना.

विद्यार्थ्यांचा घोळका घेऊन प्रोफेसरबाई राउंडला आल्या. "त्यांना शुद्ध आहे, सगळं ऐकू येतं," त्या तिला म्हणाल्या. "बोलत राहा. आपल्या माणसाचा आवाज कानावर पडला की धीर येतो, मशीन लवकर सुटतं."

तिने मान हलवली, खुर्ची ओढली आणि तोंडाला कुलूप लावलं.

सेवेत मात्र कसूर नाही. सिस्टरच्या जोडीने त्यांना कुशीवर वळवी, ओल्या कापसाने ओठ पुसे, तळपाय चोळे. ते ओठ हलवत, डोळ्यांनी काहीबाही विचारत. ती मॉनिटरकडे बघे.

"काकू, बोला की काहीतरी," सिस्टर म्हणाली.

"सवय नाही हो आमच्यात."

एके सकाळी थोडा वेळ मशीन काढून बघायचं ठरलं. काढताच मौनीबुवा घाबरले. छाती भात्यासारखी वरखाली होऊ लागली, नजर तिला शोधू लागली. "काकू, आवाज द्या त्यांना! हळू श्वास घ्या म्हणा!" सिस्टर ओरडली. तिच्या ओठापर्यंत शब्द आला. तिने तो गिळला. मशीन पुन्हा लावावं लागलं.

लेकीला कळलं तेव्हा ती बाहेरच्या बाकावर आईवर उखडली. "आई, काही बरंवाईट झालं असतं तर?"

"तर झालं असतं. माझे बाबा गेले तेव्हा मीसुद्धा अशीच गुदमरत होते. कुणी आवाज दिला मला?"

 एवढं बोलून ती उठली आणि त्यांचे ओठ पुसायला आत गेली.

तिच्या आवाजावाचूनही मौनीबुवा हळूहळू मशीनवरून उतरले. मग प्रोफेसरबाईंनी नळीच्या तोंडाशी एक छोटी झडप बसवली आणि विद्यार्थ्यांना जवळ बोलावलं. "आता बोला, आजोबा."

आजोबा खाकरले. बायकोकडे बघून घोगऱ्या आवाजात म्हणाले, "अगं..."

ती सिस्टरकडे वळली. "सिस्टर, त्यांना विचारा, काय हवंय?"

विद्यार्थी खुदकन हसले. म्हातारीची थट्टा वाटली त्यांना. मौनीबुवांना नाही वाटली. त्यांचा चेहरा उतरला.

"कधीपर्यंत?" त्यांनी विचारलं.

"सिस्टर, त्यांना सांगा, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक?"

यथावकाश नळी निघाली, भोक भरलं, ते घरी आले. दम टिकत नाही, पण बोलायची हौस दांडगी. उशीला टेकून ते दिवसभर काहीतरी विचारतात, मध्येच थांबून धापा टाकतात, पुन्हा सुरू होतात. परवा तर हात जोडले. गोळ्या वेळेवर मिळतात, सूप गरम मिळतं. उत्तर मिळत नाही. निरोप द्यायला लेक घरात नाही, म्हणून ती ऑक्सिजनच्या मशीनला सांगते, "यांना म्हणावं, सूप निवतंय."

लेक फोनवर विनवते, "आई, पुरे आता. पार खचलेत गं ते."

"पुरे कधी, ते या वेळी मी ठरवणार," ती म्हणते आणि दुसऱ्या खोलीत ऐकू जाईल अशा बेताने लेकीशी मनसोक्त गप्पा मारत बसते. खोटं कशाला सांगा, तिला फार बरं वाटतं.