एका पावाचे पिस्तूल

"हे कुणी लिहिलं?" डेल्मर ह्रुस्काने विचारले.

जुन्या हत्यारांच्या प्रदर्शनात, एका टेबलावरच्या काचेच्या पेटीत, मखमलीवर, जर्मन लष्कराचे जुने पी-३८ पिस्तूल ठेवले होते आणि शेजारी चौकटीत बसवलेले एक टाइप केलेले पत्र. टेबलामागे बसलेला विक्रेता रेक्स बोलिंग कॉफीचा घोट घेत म्हणाला, "म्हाताऱ्याच्या पुतण्यानं. कर्टिसनं. म्हातारा गेल्यावर त्यानंच हे मला विकलं. खाली सही आहे बघा. अस्सल माल आहे, डेल्मर. सगळ्या भागांवरचे नंबर जुळतात."

डेल्मरने पत्र पुन्हा वाचले. ‘मे १९४५मध्ये चेकोस्लोव्हाकियातल्या पिल्सनजवळ माझे काका सार्जंट एमिल व्होंड्रा यांनी एका जर्मन अधिकाऱ्याला हातघाईच्या लढाईत ठार करून हे पिस्तूल मिळवले.’

पिस्तूल एमिलचेच होते. मुठीच्या कोपऱ्याचा टवका नेमबाजी क्लबच्या सिमेंटच्या ओट्यावर उडाला, तेव्हा डेल्मर त्याच्या शेजारी उभा होता. पत्रातले बाकी काहीच एमिलचे नव्हते.

चौतीस वर्षे डेल्मरने गावाच्या पाणीपुरवठ्याचे पंप दुरुस्त केले होते, आणि त्यातले बहुतेक शनिवार एमिलबरोबर घालवले होते. मक्याच्या शेतांपलीकडे, नेब्रास्कातल्या त्या छोट्या क्लबात सहा-सात जण जुनी लष्करी पिस्तुले चालवत. पंचेचाळीस सालानंतरचे हत्यार आणायचे नाही, एवढाच नियम. कोणता शिक्का कोणत्या कारखान्याचा, नळी कशी पुसायची, हे सगळे डेल्मरला एमिलने शिकवले. "पेटीत ठेवलंस तर ते लोखंड," तो म्हणायचा. "महिन्यातून एकदा तरी त्याला बोलू दे."

आणि एमिल सार्जंट नव्हता. तो अमेरिकन सैन्यात बेकर होता, पाव भाजणारा. युद्धाच्या शेवटच्या आठवड्यात एक थकलेला, पिकल्या केसांचा जर्मन ट्रकचालक त्याच्या तंबूत आला, त्याने कंबरेचे पिस्तूल काढून पिठाच्या टेबलावर ठेवले आणि तोंडाकडे बोट दाखवले. एमिलने त्याला एक पाव दिला. इतकीच ती गोष्ट. विचारणाऱ्या प्रत्येकाला एमिल ती सांगायचा आणि वर म्हणायचा, "युद्धात माझ्या हातून फक्त पाव करपले." मोठ्या अभिमानाने म्हणायचा.

"रेक्स, ह्याची मूठ उघड," डेल्मर म्हणाला. "डावी बाजू. आत चिठ्ठी आहे. एमिलच्या हातची. त्या माणसाचं नाव, तारीख आणि ‘एक पाव’. मी स्वतः पाहिलीय, स्क्रू बदलताना."

रेक्सने कप खाली ठेवला. "होती बुवा एक. तेलकट, कुजलेली. साफ करताना टाकली."

"टाकलीस?"

"नुसता कचरा होता तो. आणि खरं सांगू का? पावाच्या बदल्यात आलेलं पिस्तूल भिंतीवर कोण लावतो? लोकांना गोष्ट पाहिजे असते."

"गोष्ट होती. तूच ती कचऱ्यात घातलीस."

"मेलेल्या माणसाला काय फरक पडतो, डेल्मर?"

साठी उलटलेल्या डेल्मरने आयुष्यात कुणावर आवाज चढवला नव्हता. तेव्हाही त्याने चढवला नाही. तो टेबलाच्या कडेला उभा राहिला, आणि जो कुणी पत्र वाचायला वाकेल त्याला शांतपणे सांगू लागला, "हे खोटं आहे. हा माणूस बेकर होता. त्यानं कुणालाही मारलं नाही." अकरा जणांना सांगून झाल्यावर प्रदर्शनाच्या व्यवस्थापकाने येऊन त्याचा दंड धरला. "धंद्यात अडथळा आणताय तुम्ही," तो म्हणाला.

"अडथळा मी आणतोय होय?" डेल्मर म्हणाला. पण तो गेला. दुपारी त्याला कळले की पिस्तूल ओमाहा शहरातल्या कुणा दंतवैद्याने घेतले, चौकटीसकट.

तो तसाच एमिलच्या बायकोकडे, अ‍ॅग्नेसकडे गेला. हे तिला सांगावे की नाही, याचा वाटभर विचार केला होता. पण दार उघडताच त्याला दिसले की कर्टिस आधीच येऊन गेला आहे. त्या पत्राची प्रत जेवणाच्या टेबलावर पडली होती.

"बस, पोरा," अ‍ॅग्नेस म्हणाली. ती ऐंशीची होती आणि तिच्यालेखी डेल्मर अजून पोरच होता. "मला एक सांग. छप्पन वर्षं तो मला पावाची गोष्ट सांगत होता. ती खोटी होती का रे?"

कर्टिसने आपल्या काकाला खुनी केले होते, ते एक झाले. पण काका जन्मभर खरे बोलला होता, तेच आता या घरात खोटे ठरत होते.

"अ‍ॅग्नेस, पत्र खोटं आहे."

"कर्टिस म्हणाला, माणसं असलं काही बायकांना सांगत नाहीत. मनात ठेवतात. म्हणून झोपेत दचकायचा का रे तो?"

"तो भट्टीची स्वप्नं बघायचा. मला सांगायचा, पाव न्यायला गाड्या उभ्या आहेत आणि पीठ फुगत नाही."

ती म्हणाली, "हो. पिठाबद्दलच बडबडायचा." तिने पत्र उचलले, टेबल पुसले आणि पत्र परत होते तिथेच ठेवले. "अजून कुणाकुणाला दिलंय त्यानं हे?"

ते जूनच्या पहिल्या शनिवारी कळले. त्या दिवशी क्लबात वर्षभरात वारलेल्या सभासदांच्या नावाने नेमबाजी होते. "मला ने," असे अ‍ॅग्नेसने स्वतःच फोन करून सांगितले होते. ती घडीच्या खुर्चीवर, मांडीवर पर्स घेऊन बसली. वॉल्ट पोस्पिशिल, क्लबचा चिटणीस, टोपी काढून कागद वाचू लागला. "सार्जंट एमिल व्होंड्रा. पिल्सनजवळ हातघाईच्या लढाईत..."

अ‍ॅग्नेसने शाळेतल्या मुलीसारखा हात वर केला.

वॉल्ट थांबला. "काय झालं, अ‍ॅग्नेस?"

"ते खोड."

"कर्टिसनं दिलंय. टाइप केलेलं आहे."

"असू दे. तो बेकर होता. बेकर लिही."

वॉल्टने डेल्मरकडे पाहिले. डेल्मरने खिशातले पेन काढून पुढे केले. बाकीचे लोक भरलेली पिस्तुले टेबलावर ठेवून वाट पाहत होते. वॉल्टने कागद गुडघ्यावर धरून दोन ओळी खोडल्या, वर काहीतरी लिहिले आणि वाचले, "एमिल व्होंड्रा. बेकर."

"दाखव," ती म्हणाली.

त्याने कागद तिच्यासमोर धरला. तिने तो शब्द नीट वाचला, आणि मगच वर केलेला हात खाली घेतला.