मेलेलं काही नको

शंख होता. नखाएवढा, तीन वेढ्यांचा. लादी पाण्याखाली घासता घासता पांढुरका वर आला आणि तिनं यंत्र थांबवलं. खाणीतला दगडच असा, शंखशिंपल्यांनी गच्च. कधीकाळी इथं समुद्र होता म्हणे. असेल. आता प्यायच्या पाण्याची मारामार.

"थांबलीस का?" मुकादमानं वाकून पाहिलं. "बुजवून टाक तेवढा. ओट्याची लादी आहे. गिऱ्हाईक बाईंनी बजावलंय, स्वयंपाकघरात मेलेलं काही नको."

"मग हा दगड कशाला घेतात? सगळा मेलेलाच आहे."

"ते तू सांग त्यांना," तो हसला, "आणि उद्यापासून माझी नोकरीही तूच कर."

तिला हसू आलं नाही. ती भरण कालवायला बसली. चिकट रसायन आणि दगडाची भुकटी... हीच भुकटी नवऱ्याच्या छातीत बसलेली. उभी हयात त्यानं खाणीत दगड कापला, आणि गेल्या वर्षी डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडाला धरून सांगितलं, आता खाण बंद. तेव्हापासून तो घरात, ती इथं. आणि घरी गेलं की — दार लावा, धूळ येते. वाफ घेतली का. बाहेर जाऊ नका. जिना कशाला चढलात... माझाच आवाज मला ऐकवत नाही आता.

आज सकाळी चहाचा कप खाली ठेवत तो म्हणाला होता, "उद्यापासून कामावर जातोय. खाणीत बोलून आलोय."

"डॉक्टर काय म्हणाले, विसरलात?"

"ते नाही विसरलो. पण घरात बसून मी कोण, तेच विसरायला लागलोय."

ती डबा उचलून निघून आली होती. उत्तर दिवसभर जुळवत राहिली, यंत्राच्या घरघरीत, मनातल्या मनात भांडत — माझा विचार केलात? मी काय दगडाची आहे?

संध्याकाळी घरी आली तर तो पायरीवर बसून जुन्या बुटांना तेल चोळत होता. धाप लागलेली, पण हात झपाझप चाललेले.

"आलीस? भाजी टाकलीय मी. जरा लागली खाली."

"असू दे."

ती शेजारी टेकली. आता बोलायचं. त्याच्या छातीतली शीळ ऐकू येत होती, जुळवलेली वाक्यं ओठांशी होती... आणि मनात आलं ते भलतंच. उद्या ती परतेल तेव्हा घरात कोणी नसेल. दार उघडायचं, पाय पसरून बसायचं. खोकल्याकडे कान लावून राहायला नको... हे कोणाच्या मनात आलं? माझ्याच ना? अंग कसं हलकं झालं होतं, आणि त्या हलकेपणानंच ती दचकली.

त्याचे हात थांबले. "सकाळपासून गप्प आहेस. जाऊ नका, असं तरी म्हण."

तिनं तोंड उघडलं. दोनच शब्द. रोज दहा वेळा म्हणायची ती. आज ते बाहेर काढायची ताकद उरली नव्हती, की इच्छाच नव्हती... तो वाट पाहत होता, आणि तिला काही केल्या ठरवता येईना.