एकाच रेघेवर

इंजिन फिरवायचं हँडल उलटलं आणि बाबांचं मनगट मोडलं. इंजिन सुरू झालंच नाही.

होडीत आम्ही दोघंच. खलाशी त्याच्या भावाच्या हळदीला गेला होता, म्हणून गणितात नुकताच बी.एस्सी. झालेला मी त्या दिवशी बाबांबरोबर गोराईहून निघालो होतो. १९८३चा जानेवारी, सकाळचे साडेसात. ओहोटीचं पाणी आम्हाला पश्चिमेला, उघड्या समुद्रात ओढत होतं. बाबांची बोटं पांढरी पडत चालली होती.

"शीड लावतो," मी म्हणालो. "पाणी आहे, वारा आहे. दोन व्हेक्टर, म्हणजे दिशा असलेले दोन जोर, हातात असले की कुठेही जाता येतं, बाबा. एकाचं थोडं, दुसऱ्याचं जास्त, करायची बेरीज."

"वर्गात बसून गेला होतास का रं कुठं?" बाबा दात आवळून म्हणाले आणि त्यांनी डोळे मिटले.

मी शीड चढवलं. होडीने उसळी मारली. मागे वळून पाहिलं, तर किनाऱ्यावरची ताडाची झाडं काडीएवढी झालेली. आम्ही दुप्पट वेगाने घरापासून लांब चाललो होतो.

 सकाळचा मतलई वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, आणि ओहोटीही तिकडेच जाते. वारा कापत होडी नेणं मला येत नव्हतं. माझ्या हातात शीड म्हणजे वारा नेईल तिकडे. दोन्ही व्हेक्टर एकाच रेघेवर. कितीही पट घ्या, बेरीज त्याच रेघेवर पडणार. त्यांचा स्पॅन, म्हणजे त्यांच्या बेरजेने गाठता येईल ती सगळी जागा, अख्खा कागद नव्हता, एक रेघ होती. 'दोन पुरतात' हे मी पाठ केलं होतं. 'एका रेघेवर नसतील तर' ही अट परीक्षेनंतर विसरलो होतो.

"उतरव ते!" बाबा ओरडले.

ओल्या दोराची गाठ सुटेना. शेवटी दातांनी सोडवली.

"उजवीकडं बघ. भिकाजीचा बोया."

लाल डबा पाण्यावर डुचमळत होता. त्याचा दोर खाली समुद्रात ठोकलेल्या भिकाजीच्या खुंटाला बांधलेला, जाळं बांधायच्या खुंटाला. आम्हा कोळ्यांत दुसऱ्याच्या खुंटाला कुणी दोर लावत नाही. अशाच एका खुंटावरून बाबा आणि भिकाजी नऊ वर्षं बोलत नव्हते.

"लावायचा?"

बाबांनी मोडलेलं मनगट छातीशी धरलं. "लाव."

मी वल्ही घेतली आणि नाळ, होडीचं पुढचं टोक, बोयाकडे वळवली.

"बोयाकडं नको! आडवं वल्हव, उत्तरेला. पुढं पाणीच नेतंय."

बरोबर होतं. पश्चिम फुकट मिळत होती. कमी होती ती उत्तर. बोया पुढे चारशे हात, बाजूला शंभर. पाणी चार हात नेईल तेवढ्यात मला एक हात सरकायलाच हवं होतं. कमी पडलो तर बोया बाजूने निघून जाणार होता, आणि त्यापुढे धरायला काहीच नव्हतं.

मी वल्ही मारत राहिलो. छाती फुटेल असं वाटत होतं. बोया जवळ आला, मग नाळेच्या पुढून सरकू लागला. दहा हात. सहा. मी वल्हं टाकलं, काठावर पोट टेकवून वाकलो आणि डब्याचा दोर धरला. तळवे सोलले गेले. होडी गर्रकन फिरली आणि थांबली.

"दोन वेढे घाल," बाबा म्हणाले. "एका गाठीवर भरोसा नाय."

पाणी दोन्ही बाजूंनी समुद्राकडे धावत होतं. भरती लागायला तीन तास होते. त्या दोराकडे बघत मी बसलो. नजर काढायची हिंमत होत नव्हती.

तासाभराने इंजिनचा आवाज आला.

"कोन हाय रं माज्या खुंटाला?" भिकाजीचाच आवाज, तापलेला.

 बाबांनी धड असलेला हात वर केला.

"मी तुळशीदास," ते म्हणाले. "हात मोडलाय, भिकाजी."

समोरचं इंजिन मंद झालं. मग एक दोर हवेतून आमच्याकडे आला.