आठ ऑगस्टचा कागद

"काकाजी, एकदा पाहून घ्या नं," म्हणत प्रेमिलाने कागद रुपरावांपुढे ठेवला. "तुमची नजर फिरली म्हणजे मले धास्ती राहत नाही."

धास्ती कसली! रुपरावांच्या पोटात पंधरा दिवसांपासून दुखत होतं, ते या गोड बोलण्याने आणखीच उसळलं. पाटबंधारे खात्याच्या त्या ऑफिसात कॉम्प्युटर म्हणजे रुपराव, असं चौदा वर्षं चाललं होतं. कोणत्या धरणातून कालव्याला रोज किती पाणी सोडायचं, ते सांगणारा फोर्ट्रान प्रोग्राम त्यांनीच लिहिलेला. आता फोर्ट्रान ही भाषा सगळीकडे सारखी. पण आज तारीख काय, वाजले किती, अमुक फाइल डिस्कवर आहे की नाही, हे यंत्रालाच विचारावं लागतं आणि विचारायची रीत प्रत्येक यंत्राच्या कंपायलरची, म्हणजे फोर्ट्रान यंत्राला समजावणाऱ्या दुभाष्याची, निराळी. रुपरावांनी हे प्रश्न गरज पडेल तिथे, प्रोग्रामभर पेरून ठेवले होते. एकेचाळीस ठिकाणी! मागे यंत्र बदललं तेव्हा ते सगळे शोधून दुरुस्त करायला त्यांना तीन महिने लागले, आणि वर शाल-नारळ देऊन सत्कार झाला.

यंदा पुन्हा नवं यंत्र आलं. रुपराव तीन महिन्यांच्या तयारीने बसले, तर सक्करदऱ्याहून सायकलने येणारी ही कालची पोर, नोकरीला वर्षही झालेलं नाही, तिने काय करावं? सगळे प्रश्न प्रोग्राममधून उचलले आणि एका वेगळ्या फाइलीत नेऊन ठेवले. यंत्र बदललं की तेवढी फाइल बदलायची, बाकीच्याला हात लावायचा नाही. पंधरा दिवसांत काम फत्ते. हे तुम्हाले आधी काहून नाही सुचलं, असं साहेबांनी सगळ्यांदेखत रुपरावांना विचारलं. रुपराव हसले, दुसरं काय करतील? उद्याची चाचणी नीट झाली की मशीनरूमचा चार्ज प्रेमिलाकडे जाणार, हे शिपायालासुद्धा ठाऊक होतं.

रुपरावांनी नव्या यंत्रावरून निघालेला तो पहिलाच कागद पाहिला. वर तारीख होती, ८-८-८५. आणि त्यांच्या ध्यानात आलं. जुनं यंत्र आधी दिवस सांगायचं, मग महिना. नवं यंत्र आधी महिना सांगतं. मॅन्युअलात त्यांनी ते वाचलं होतं. पोरीने क्रम बदललाच नव्हता. आज दिवसही आठवा आणि महिनाही आठवा, म्हणून चूक दिसत नव्हती. उद्या नऊ ऑगस्टला हाच प्रोग्राम आठ सप्टेंबरचं पाणी सांगणार होता.

सांगायला एक वाक्य पुरलं असतं. ते ओठांवर आलंही. मग साहेबांचा प्रश्न आठवला, चारचौघांतलं ते हसणं आठवलं. पडू दे एकदा तोंडघशी, त्यांना वाटलं.

"बराबर आहे वं," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी कागद हातात घेतला आणि भडकलेच. ऑगस्टात सप्टेंबरचं पाणी! हा आकडा कालव्यावर गेला असता तर?

"हे कोणी तपासलं होतं का नाही?"

प्रेमिलाने एकदाच रुपरावांकडे पाहिलं. तिला सगळं कळलं होतं. ती काही भोळी नव्हती.

"मीच तपासलं, सर. चूक माझी आहे."

मग तिने त्या एका फाइलीतली एक ओळ बदलली आणि प्रोग्राम पुन्हा चालवला. साहेबांचा चहा संपायच्या आत नऊ ऑगस्टचा कागद तयार. साहेबांचा राग कुठल्या कुठे पळाला. रुपरावांच्या रीतीने तारखेच्या सतरा जागा धुंडाळाव्या लागल्या असत्या, दोन दिवस तरी गेले असते. हे त्यांचं त्यांनाच समजत होतं. चार्ज तिथल्या तिथे प्रेमिलाला मिळाला.

आता जळफळाट व्हायला हवा होता. पण रुपरावांना खात होतं ते वेगळंच. तिने नाव घेतलं असतं तर ते भांडले तरी असते. तिने पांघरूण घातलं, ते काही केल्या सोसवेना.

जेवणाच्या सुट्टीत ते तिच्या टेबलाशी गेले.

"काल मले दिसलं होतं," ते म्हणाले.

"माहीत आहे, काकाजी." तिने डबा उघडला, पण जेवायला लागली नाही. "मी साहेबांले सांगणार नाही. पण याच्यापुढे कागद तुम्हाले दाखवणार नाही."

आवाज चढवला असता तर बरं झालं असतं. रुपराव वळले आणि साहेबांच्या केबिनचं दार लोटून आत गेले.

साहेब फोनवर बोलत होते. त्यांनी हातानेच समोरची खुर्ची दाखवली. रुपराव बसले नाहीत. काल मले दिसलं होतं, हे वाक्य आता इथेही म्हणायचं होतं.