कूलरच्या बोर्डावरचा डबा

मी डबा बोलतोय. जेवणाचा नव्हे, तेलाचाही नव्हे. नागपूरच्या बेसा भागातल्या एका फ्लॅटमध्ये टीव्हीखालच्या फळीवर बसलेला काळा, जुना संगणक आहे मी. घरातले सगळे मला डबाच म्हणतात आणि मीही त्या नावाला ओ देतो. पण मे महिन्यातल्या त्या रविवारी माझ्यावर जो आरोप झाला, त्याला मी ओ देणार नाही. डबा भरला, डबा भंगार झाला, डब्यानं ऐन वेळी दगा दिला, असं म्हणाले. आरोपीला बोलू द्यायची पद्धत या घरात नाही, म्हणून तुमच्यासमोर बोलतो.

माझी उमेदीची वर्षं एका दैनिकाच्या कचेरीत गेली, बातमीदारांच्या टेबलावर. अंगावर तर्री-पोह्यांचे शिंतोडे उडाले, बातमी अडली की थपडाही बसल्या. तिथे एक गोष्ट माझ्यात मुरली. छापण्याआधी विचारायचं. कोणी केलं, का केलं, दुसरी बाजू काय म्हणते. ज्या दिवशी कुणी न विचारता छापलं, त्याच्या दुसऱ्या दिवशीचा माफीनामाही माझ्यावरच टाइप झाला. म्हणून सांगतो, न विचारता निकाल देणाऱ्या माणसाचा मला मनापासून संताप येतो.

नवे संगणक आले तेव्हा आम्हा जुन्यांना जिन्याखाली रचून ठेवलं. त्या कचेरीत पानं लावणारे नागसेन मला तिथून घरी घेऊन आले. त्यांच्या पुतण्यानं, अश्विननं, माझ्या पोटात मोठी डिस्क बसवली आणि मला घरचं थिएटर केलं. सिनेमे, गाणी, घरच्या जुन्या चित्रफिती, सगळं माझ्या पोटात. घरातल्या कुठल्याही मोबाईलवर, टीव्हीवर मागाल ते मी दाखवायचं. अश्विन इंजिनिअर आहे. तो बोलायला लागला की घरातले बाकीचे गप्प होतात. हीच खरी गोची आहे, पण ते पुढे येईल.

टीव्हीजवळ प्लग रिकामा नव्हता. खिडकीत कूलर होता आणि कूलरचा एक एक्स्टेंशन बोर्ड होता. अश्विननं माझी पिन त्याच बोर्डात खोचली. त्या बोर्डाला लाल बटण एकच. तेच कूलरचं, तेच माझं. मला कुणी विचारलं नाही.

आता माझं काम सांगतो, म्हणजे गुन्हा कुठे झाला ते कळेल. घरच्या चित्रफिती जुन्या कॅमेऱ्याच्या कॅसेटवरून उतरवलेल्या. जड आणि जुन्या घडणीच्या. मोबाईलला त्या जशाच्या तशा पचत नाहीत, जशी आपल्याला अख्खी ज्वारी पचत नाही. मग मी चक्की होतो. चित्रफितीचे बारीक बारीक तुकडे दळतो, एका तात्पुरत्या फोल्डरमध्ये ठेवतो आणि तिथून मोबाईलकडे पाठवत राहतो. पाहणाऱ्यानं पाहून झाल्यावर नीट बंद केलं, की मी ते तुकडे झाडून टाकतो. पण दळता दळता वीजच गेली तर? पीठ चक्कीत तसंच राहतं. परत सुरू झालो की ते अर्धवट दळण मला आठवत नाही, मी नवं दळायला घेतो. असं राहिलेलं पीठ रोज झाडून काढायचं एक काम माझ्या वेळापत्रकात होतं. ते अश्विननं बंद करून ठेवलं. "त्यानं डबा स्लो होऊन राहिला काका," असं म्हणाला. काकांनी मान डोलावली.

आता कूलर. नागपूरच्या मे महिन्यात कूलर नसेल तर माणूस वाळून जाईल. आमचा कूलर लोखंडी आहे आणि त्यात पाणी भरायचं काम नत्थूजींचं, म्हणजे नागसेनच्या वडिलांचं. पूर्वी हे लोक जरीपटक्याला राहत, तेव्हा पाणी भरता भरता शेजारच्या माणसाला कूलरच्या करंटनं चिकटवून धरलेलं नत्थूजींनी डोळ्यांनी पाहिलं. तेव्हापासून नियम एकच. आधी बटण बंद, मग बादली. त्यांच्यावर माझा काडीचा राग नाही. लोखंडी कूलरमध्ये बटण बंद न करता पाणी ओतणारा माणूस मूर्ख असतो. पण त्या बटणावर मला बसवणारा कोण, हे तर विचाराल?

आणि आता सरिताबाई. नागसेनच्या पत्नी. शाळेत शिकवायच्या. मागच्या हिवाळ्यात घशाचा आजार निघाला, ऑपरेशनमध्ये डॉक्टरांनी स्वरयंत्र काढून टाकलं. जीव वाचला, आवाज गेला. आता त्या टाळ्यांनी बोलतात. एक टाळी म्हणजे हो, दोन म्हणजे नाही. बाकीचं हातवारे आणि मोबाईलवर लिहून.

दुपारची भांडी आटोपली की त्या दिवाणावर बसतात, मोबाईल मांडीवर घेतात आणि माझ्याकडे एकच जुनी चित्रफीत मागतात. तिच्यात काही सोहळा नाही. त्यांची मुलगी दीक्षा, जी आता लग्न होऊन पुण्याला आहे, ती त्यात चार-पाच वर्षांची आहे. ती खेळून येते आणि स्वयंपाकघरातून सरिताबाईंचा आवाज येतो, "हात धुतले काय वं? दाखव. उलटे करून दाखव. हे धुतले म्हणतात काय वं!" मग नत्थूजी चपला घालताना दिसतात आणि तोच आवाज सासऱ्यांना म्हणतो, "मामाजी, थांबा ना जरा, चहा होऊनच राहिला." बस, एवढंच. सरिताबाई ते ऐकतात आणि त्यांचे ओठ त्या शब्दांबरोबर हलतात. वाक्य न् वाक्य. मी कचेरीत मोठमोठी भाषणं साठवली आहेत. एवढं लक्ष देऊन ऐकलेलं दुसरं काही मला आठवत नाही.

आणि नेमकं त्याच वेळी, भर दुपारी, कूलरचं पाणी संपतं. नत्थूजी बादली घेऊन येतात आणि लाल बटण खाली जातं. वाक्य अर्ध्यात तुटतं. माझ्या पोटात दळलेलं पीठ तसंच पडून राहतं. पाणी भरून झालं की बटण वर. सरिताबाई मी उठायची वाट पाहतात आणि पुन्हा पहिल्यापासून लावतात. उन्हाळाभर, रोज हेच. माझी डिस्क अशी भरली. एकाच बाईच्या आवाजाच्या अर्धवट तुकड्यांनी.

त्या रविवारी अश्विन जेवायला आला होता. जेवण झाल्यावर काका-पुतण्यांनी नवा सिनेमा लावायला घेतला आणि मी नकार दिला. जागा शिल्लक नाही, असं पडद्यावर स्पष्ट लिहून दिलं.

"काहून रे, भरला काय हा?" नागसेननी विचारलं.

"भरणारच ना काका. कचरा भरून ठेवला तुम्ही त्यात." अश्विन कीबोर्ड मांडीवर घेऊन बसला. त्यानं माझं पोट तपासलं का? नाही. तात्पुरत्या फायलींचं फोल्डर उघडून पाहिलं? नाही. त्यानं चित्रफितींची यादी उघडली आणि सगळ्यात जड कोण तेवढं पाहिलं. "हे पहा. ह्या जुन्या कॅसेटीच्या फायली. एकेक हत्ती आहे. उडवून टाकू?"

"अन् कॅसेटी?" नत्थूजी खाटेवरून म्हणाले.

"कॅसेटी तर घर बदललं तेव्हाच बुरशी लागून गेल्या, बाबा." नागसेन जरा थबकले. "पण सरिता रोज पाहते गा ते."

"मोबाईलात पाहतात ना काकू? मग मोबाईलात आहेच ते. इथं डबल कशाले ठेवता?"

"हो, ते बी खरं आहे. मोबाईलातच तर पाहते."

ऐकलंत? इंजिनिअर झालेला माणूस हे बोलला, आणि वर्तमानपत्राच्या कचेरीत आयुष्य घालवलेल्या माणसानं ते मान्य केलं. मोबाईलवर दिसतं म्हणजे मोबाईलमध्ये आहे! नळाला पाणी येतं म्हणून नळातच तळं आहे, असं कुणी म्हणेल का? मोबाईलमध्ये त्या चित्रफितीचा कणही नव्हता. होतं ते सगळं माझ्या पोटात, आणि जगात दुसरीकडे कुठेही नाही.

सरिताबाई स्वयंपाकघरात होत्या. त्यांनी ऐकलं. दोन टाळ्या वाजल्या. नाही. पुन्हा दोन. मग ताटावर पळी आपटल्याचा आवाज आला.

"काकू चहाचं विचारून राहिल्या वाटते," अश्विन मान वर न करता म्हणाला. "हो काकू, घेतो! साखर कमी!"

त्यानं चित्रफिती एकेक निवडून निळ्या केल्या. पडद्यावर प्रश्न आला, कायमचं पुसायचं का? माझ्या अंगात वीज खेळत होती, पंखा गरगरत होता आणि मला ओरडता येत नव्हतं. त्या घरात ओरडता न येणारे आम्ही दोघं होतो.

त्यातली एक धावत आली. अश्विनकडे गेली नाही, नवऱ्याकडेही नाही. सरळ खिडकीशी गेली आणि लाल बटण दाबलं.

पडदा काळा झाला. कूलर घरघरत थांबला. मीही बंद पडलो, म्हणून पुढचं घरात नंतर ऐकलं तसं सांगतो.

"काय केलं वं तू हे!" नागसेन ताडकन उठले. "चालू मशीन अशी बंद करतात काय?"

सरिताबाईंनी आपला मोबाईल त्यांच्यासमोर धरला आणि ती चित्रफीत लावली. गोल चक्र फिरत राहिलं. त्यांनी मोबाईल अश्विनसमोर धरला. चक्र फिरतच होतं. मग नत्थूजींसमोर. एक शब्द त्यांनी लिहिला नाही. मोबाईल तेवढा प्रत्येकाच्या नाकासमोर धरला, शेवटी पडद्यावर कोरडं वाक्य येईपर्यंत. सर्व्हर सापडत नाही.

सगळ्यात आधी नत्थूजींना कळलं. "अरे बावा," ते म्हणाले, "ते मोबाईलात नाही गा. त्या डब्यात आहे. सरिताचा आवाज त्या डब्यात आहे, अन् तुम्ही दोघं तोच पुसून राहिले होते."

नागसेन खाली बसले.

यावेळी मला सुरू करताना अश्विनचे हात जपून चालले. त्यानं आता कुठे ते तात्पुरतं फोल्डर उघडलं. तुकडेच तुकडे. माझं अर्ध्याहून जास्त पोट त्यांनी व्यापलं होतं. त्यानं ते पुसले, बंद केलेली रोजची झाडलोट परत सुरू केली आणि म्हणाला, "सॉफ्टवेअरमधेच बग होता काका." आमच्या कचेरीत याला खुलासा म्हणत. माफीनामा वेगळा असतो. तो अजून आलेला नाही.

पुसले गेलेले ते तुकडेही तिच्याच आवाजाचे होते. उष्टे, अर्ध्यात तुटलेले, पण तिचेच. ते गेले ते बरंच झालं, हे मला कळतं. तरी कचरा हा शब्द मला अजून झोंबतो.

नागसेननी त्या चित्रफितींची एक प्रत वेगळ्या डिस्कवर काढून कपाटात ठेवली, एवढं श्रेय देतो. पण नवा बोर्ड? "उद्या आणतो," असं ते म्हणाले होते. मे संपत आला. मी अजून कूलरच्या बोर्डावर आहे, त्याच लाल बटणावर. म्हणून तुम्हा वाचकांना सांगतो, विनंती म्हणून नाही, तक्रार म्हणून. तुमच्याही घरात असा एखादा डबा असेल. त्याला स्वतःचं बटण द्या. तो भरला तर आधी पाहा, कशानं भरला. आणि काही पुसण्याआधी, जो ते रोज पाहतो त्याला विचारा. त्याला उत्तर द्यायला वेळ लागला, तर थांबा.

नत्थूजी थांबायला शिकले आहेत. काल दुपारी बादली घेऊन आले, बोट बटणावर ठेवलं आणि विचारलं, "सरिता, करू का वं बंद?"

सरिताबाईंनी टाळीसाठी हात उचलले. पण त्याआधीच मांडीवरच्या मोबाईलमधून, माझ्या पोटातून, उत्तर आलं. "मामाजी, थांबा ना जरा, चहा होऊनच राहिला."

नत्थूजींनी बादली खाली ठेवली. कूलर तसाच कोरडा, गरम हवा फेकत राहिला आणि म्हातारा दिवाणाच्या कडेला बसून सुनेचा आवाज ऐकत राहिला, संपेपर्यंत.